संत्र्याचा ओंडका आणि हवेवरचं झाड

जुलैचा तिसरा आठवडा. रात्रभर पाऊस होता आणि पन्हेरीत, म्हणजे माझ्या संत्र्याच्या कलमांच्या नर्सरीत, साचलेलं पाणी मी चरी मारून काढून देत होतो. तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामाजी, झाडं जळून राह्यली." भर पावसात झाड जळतं म्हटल्यावर संत्रावाल्याच्या डोक्यात पहिलं नाव येतं डिंक्याचं, खोडातून डिंक गळून झाड मारणाऱ्या रोगाचं. मी विचारलं, "किती ओळी?" तो म्हणाला, "ओळी कायच्या मामाजी, ओट्यावरची. झेरोग्राफिका."

झेरोग्राफिका म्हणजे मातीशिवाय, टांगून वाढवायचं हवेवरचं झाड, एअर प्लांट. ती झाडं माझ्या पाहण्यातली होती. त्यातली नऊ ज्या ओंडक्यांवर बांधली होती, ते ओंडके तर माझ्याच बगीच्यातले. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे दोन ठिकाणी वाचणाऱ्याला माझा राग येणार आहे आणि तो बरोबरच असेल.

भाच्याचं गाव वरुडपासून जवळ. साडेतीन एकर वावर, त्यात दोन एकर संत्रा. घर कवेलूचं, पुढे लांब ओटा आणि ओट्यावर सावली धरणारा कडुनिंब. २०२० साली सगळे घरी बसले होते तेव्हा याने मोबाइलवर पाहून टिलँडशिया आयोनान्थाची सहा रोपं मागवली, मुठीत मावतील एवढी. ती जगली. दोन वर्षांनी त्याने दक्षिणेकडच्या एका नर्सरीतून टिलँडशिया झेरोग्राफिका आणायला सुरुवात केली. थोडी थोडी करून तेवीस झाली. एकेकाची किंमत साडेबाराशेच्या घरात. तो आकडा ऐकून ताईचा मला फोन आला होता, "याले माती नाई, कुंडी नाई, फळ नाई, अन् साडेबाराशे? तूच सांग आता त्याले काईतरी." मी काहीच सांगितलं नाही, कारण मलाही ते झाड आवडलं होतं.

शेजारचे बाबाजी संध्याकाळी ओट्यावर यायचे आणि टांगलेलं झाड बोटाने ढकलून पाहायचे. "बांडगूळ विकत आनलं म्हना पोरानं." गावातल्या निम्म्या लोकांचं हेच मत होतं. बांडगूळ फांदीत मूळ घुसवतं आणि झाडाचा रस पितं. एअर प्लांट फांदीला फक्त धरून बसतं, तिच्याकडून घेत काही नाही. आपल्याकडे जुन्या आंब्यावर किंवा मोहावर रास्ना वाढते, निळसर ओठाच्या फुलांची. तिचंही तसंच, भाडं न देणारी पण घर न फोडणारी भाडेकरू. बाबाजींना हे रास्नेवरूनच पटलं.

झाडाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. टिलँडशिया हे अननसाच्या कुळातलं. सहाशेहून जास्त जाती, सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या, संयुक्त संस्थानांच्या दक्षिण टोकापासून खाली अर्जेंटिनापर्यंत. झेरोग्राफिका मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरच्या कोरड्या रानांतली. पानं रुंद, बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती होत खाली वळलेली. सगळं झाड म्हणजे चांदीच्या सुरळ्यांचा गुच्छ. हा चांदीचा रंग पानाचा नव्हे, पानावरच्या बारीक खवल्यांचा. कोरडं असताना खवल्यांत हवा असते म्हणून ते पांढुरके दिसतात. पाण्यात बुडवलं की ते पारदर्शक होतात आणि बघता बघता आतून हिरवं पान वर येतं. लहान पोरांना हे दाखवलं की ती दहा वेळा बुडवायला लावतात. हे खवले म्हणजे झाडाचं तोंड. पाणी, अन्न, जे काही आत जायचं ते त्यांच्यातून जातं. मुळं फक्त पकड ठेवायला.

जमिनीतलं झाड जे मिळेल ते मुळांतून घेतं, आणि मध्ये माती असते. माती बरंच काही धरून ठेवते. या झाडाला मध्ये कुणीच नाही.

या वंशाला नाव दिलं लिनिअसने, एलियास टिलँड्झ नावाच्या वनस्पतितज्ज्ञावरून. सांगतात की टिलँड्झला एका समुद्रप्रवासात वादळाचा इतका धसका बसला की परतताना तो सगळं आखात वळसा घालून जमिनीवरून गेला. पाण्याला भिणारा माणूस, म्हणून पाणी नको असलेल्या झाडाला त्याचं नाव. गंमत छान आहे, पण समजूत चुकीची. या झाडाला पाणी हवंच असतं, अंगावर साचलेलं पाणी नको असतं. संग्राहकांकडची निम्मी झाडं या दोहोंच्या मधल्या गोंधळात मरतात.

झेरोग्राफिका साइट्स कराराच्या, म्हणजे रानटी प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे देशाबाहेर तिचा व्यापार परवानगीशिवाय होत नाही. रानातून ओरबाडलेली झाडं बाजारात येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. भाचा प्रत्येक झाडाचं नर्सरीचं बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवतो. बिल विचारणारा गिऱ्हाईक खरा संग्राहक, असं त्याचं म्हणणं.

शहरातल्या नर्सऱ्यांत लहान झेरोग्राफिका आता दिसतात. दुर्मीळ असतं ते मोठं, गोल, सगळ्या बाजूंनी सारखं भरलेलं, एकही टोक न जळलेलं झाड. कारण हे वाढतं फार सावकाश आणि एकदा करपलेलं टोक पुन्हा कधी चांदीचं होत नाही. पैसे मिळतात ते त्या न करपलेल्या वर्षांचे. विदर्भात अशी वर्षं काढणं म्हणजे काय ते मे महिन्यात कळतं. पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश, झळा, आणि हवेत ओल नावाला.

पहिल्या उन्हाळ्यात भाच्याने डोकं चालवून झाडं कुलरसमोर टांगली. गारवा आणि ओल दोन्ही मिळतील, हिशोब बरोबर होता. पण कुलरमध्ये पाणी बोअरचं. आमच्या भागात भूजल उपसून उपसून बोअर हजार फुटांच्या आसपास गेल्या आहेत आणि ते पाणी इतकं क्षारांचं की कुलरच्या जाळीवर पांढरे थर बसतात. तेच थर पानांवर बसायला लागले. चांदी कोणती आणि क्षार कोणता, लांबून कळत नव्हतं. बोट फिरवलं तेव्हा खरखर लागली. तेव्हापासून त्याने पावसाचं पाणी साठवायला घेतलं. पाचशे लिटरची टाकी, पाणी कवेलूवरचं. गोठ्याच्या पत्र्यावरचं घेतलं नाही. नव्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि या कुळाला जस्तही सोसत नाही, हे त्याने वाचलं होतं. जस्ताबद्दल वाचलेल्या पोराने तांब्याबद्दलही वाचलं होतं. म्हणून तर त्याने एकही झाड तांब्याच्या तारेने बांधलं नव्हतं, सगळं काम नायलॉनच्या तंगुसाने.

पाण्याच्या वेळेचा एक नियम सगळीकडे सांगतात, की भिजवल्यावर चार तासांत झाड कोरडं झालं पाहिजे. आपल्याकडे हा नियम वर्षातून दोनदा उलटा पडतो. मे महिन्यात अर्ध्या तासात झाड कोरडं ठणठणीत, चार तास कुठले. भाचा पहाटे उठून वीस मिनिटं बुडवायचा, दर तिसऱ्या दिवशी. ऑगस्टमध्ये चार तास काय, चार दिवस झाड ओलं राहतं, न भिजवता. हे झाड रात्री श्वास घेतं. पानांची रंध्रं रात्री उघडतात, दिवसा मिटतात, कोरड्या मुलखातल्या झाडांची ही रीत. रात्रभर अंगावर पाण्याचा थर राहिला तर जीव गुदमरतो आणि बुडाशी सड लागते. म्हणून पावसाळ्यात तो पाणी बंदच करायचा आणि टेबलफॅन लावायचा. वीज असेल तेव्हा.

असे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे निघाले. तेवीसपैकी एकही झाड गेलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. पोरगा नवखा नव्हता.

मग नागपूरच्या एका डॉक्टरबाईंची मागणी आली. सहा झाडं, टांगलेली नकोत, लाकडावर बसवलेली हवीत, घरच्या चौकातल्या भिंतीसाठी. दिवाळीपर्यंत. निम्मे पैसे आगाऊ. भाच्याच्या डोक्यात लगेच पुढचं सुरू झालं. सहा कशाला, जास्तच बसवू, फोटो काढू, बाकीच्यांना दाखवू. प्रश्न लाकडाचा. शहरात सजावटीच्या लाकडाचे भाव ऐकून तो गप्प झाला होता. मी म्हटलं, "कायले पैसे घालतं? माह्या बगीच्यात डिंक्यानं मेलेली जुनी झाडं उपटून ठेवली हायेत. पंचवीस-तीस वर्षांची खोडं. ने तुले पायजे तेवढी."

आणि खोडं खरंच देखणी होती. संत्र्याचं जुनं खोड उन्हापावसात पडून राहिलं की साल भेगाळते, गाठी उघड्या पडतात, राखाडी रंग येतो. चांदीचं झाड त्यावर असं दिसायचं की जणू तिथेच जन्मलं. त्याने कामाचे नऊ तुकडे निवडले, करवतीने बुड सपाट केलं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी झाडं बांधली. ओंडके नऊच निघाले, म्हणून आणखी चार झाडं धुऱ्यावरच्या वाळलेल्या बोरीच्या फांद्यांवर बसवली. उरलेली दहा होती तशीच टांगलेली. हे झालं मेच्या अखेरीला. जूनमध्ये मुळं फुटावीत, ओंडका धरावा, असा बेत. ओट्याच्या कडेला, पावसाचे शिंतोडे येतील अशा जागी सगळी ठेवली.

आता जुलै. मी गेलो, पाहिलं. नऊच्या नऊ झाडांची बुडाकडची पानं तपकिरी. आधी टोकं, मग पानाच्या मध्ये काळे डाग. चार बोरीवरची ठीक होती आणि दहा टांगलेलीही ठीक. हे मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि स्वतःला कारणही दिलं, की संत्र्याची साल मऊ असते, पाणी धरते, बोरीचं लाकूड टणक, पाणी निथळतं. म्हणजे सड. तीस वर्षं कलमा करणाऱ्या माणसाला असं कारण पटकन सापडतं, हाच त्याचा घोटाळा.

भाच्याला पटत नव्हतं. सड लागली की मधला गाभा हाताला लागतो, ओढला की अख्खा निघून येतो, वास मारतो. इथे गाभा घट्ट होता. वास नव्हता. पानं कुजली नव्हती, वाळली होती, कागदासारखी. मी म्हटलं, सुरुवात असेल. आणि वर सल्ला दिला, "कॉपर ऑक्सिक्लोराईड मार हलकंसं. बुरशी असन तर थांबते." ते निळं-हिरवं पावडर आमच्याकडे प्रत्येक घरात असतं. भाचा म्हणाला, "मामाजी, तांबं नाई चालत म्हने याले." मी म्हटलं, "दवाई हाये ते, तार नोय." मोठ्या माणसाच्या शब्दाचं वजन किती चुकीच्या जागी पडतं ते पाहा. त्याने मन राखलं माझं, पण अक्कल ठेवून. नऊपैकी सगळ्यात खराब दोघांवरच मारलं.

दहाव्या दिवशी ती दोन्ही मेली. मधला शेंडा काळा पडून. बाकीची सात त्यांच्याच गतीने बिघडत होती.

उलगडा केला ताईने. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे विशेष. ओंडक्यांची बुडं सपाट करताना निघालेले तुकडे न्हाणीजवळ पडले होते. सकाळी बंबात सरपण म्हणून तिने तेच घातले आणि ओट्यावर येऊन म्हणाली, "आज जाळ हिरवा कायले दिसून राह्यला?"

मी त्या दिवशी तिथेच मुक्कामाला होतो. न्हाणीत गेलो. बंबाच्या तोंडाशी लाकडाची साधी पिवळी ज्योत, आणि जिथे साल पेटत होती तिथे तिच्या कडेला हिरवी-निळी झालर. मोरचुदाचं पाणी सांडलेलं गोणपाट जाळलं की असाच जाळ निघतो, हे प्रत्येक संत्रावाल्याने पाहिलेलं असतं. मी तिथेच पाटावर बसलो. डोक्यात तीस वर्षांचे सगळे मे आणि ऑक्टोबर एकदम आले.

डिंक्यासाठी आम्ही काय करतो? एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. ही बोर्डोची मलम. पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा, खोडाला जमिनीपासून कमरेइतकी लावायची. आणि शंभर लिटरमध्ये तेवढंच घालून फवारणीचं मिश्रण. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट. त्या खोडांना पंचवीस वर्षं, वर्षातून दोनदा, मी स्वतः हाताने तांबं लावलं होतं. सालीच्या प्रत्येक भेगेत ते जाऊन बसलं होतं. वरून राखाडी दिसत होतं एवढंच. पावसाचं पाणी सालीवरून उतरत होतं, थोडं थोडं तांबं सोडवून घेत होतं आणि झाडाच्या बुडाशी, त्या उघड्या खवल्यांवर नेऊन ठेवत होतं. पोराने तांब्याची तार टाळली आणि मी त्याला तांब्याचा खांब दिला.

ज्योतीच्या रंगावर एवढा मोठा निष्कर्ष काढू नये म्हणून आणखी एक गोष्ट करून पाहिली, आणि ती कुणालाही घरी करता येईल. बोर्डो करताना आम्ही कोयता मिश्रणात बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तांबं मोकळं आहे, असं समजायचं. तीच युक्ती. ओंडक्याची साल चमचाभर खरवडली, वाटीत दोन लिंबांचा रस आणि चिमूटभर मीठ, त्यात ती टाकली आणि एक लोखंडी खिळा कागदाने घासून चकचकीत करून रात्रभर बुडवला. दुसऱ्या वाटीत बोरीची साल, बाकी सगळं सारखं. सकाळी बोरीच्या वाटीतला खिळा नुसता काळपट झाला होता. संत्र्याच्या वाटीतल्या खिळ्यावर पाण्याखालच्या भागाला नव्या नाण्यासारखा लालसर थर. भाच्याने तो खिळा उचलून उन्हात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग झाडं सोडवायला घेतली. तेव्हा मुळं जवळून पाहिली. झेरोग्राफिकाचं नवं मूळ फिकट असतं, तारेसारखं बारीक, टोक हिरवट. बोरीवरच्या झाडांची मुळं अशीच, फांदीला वेढा घालायला निघालेली. ओंडक्यांवरच्या झाडांची मुळंही निघाली होती, पण सालीला जिथे टेकली तिथे टोक काळं, आगकाडी विझवल्यासारखं. काही मुळं सालीच्या जवळ येऊन बाजूला वळलेली होती. ती का वळली त्याचा अर्थ मी लावत नाही, पण मला ते बघवलं नाही.

काळी मुळं कापली, मेलेली पानं काढली. पावसाच्या ताज्या पाण्यात बुडवून, ते पाणी ओतून, पुन्हा नव्या पाण्यात, असं तीन वेळा. मग उलटी धरून झटकली आणि पंख्याखाली टांगली. सातांपैकी चार वाचली. तीन ऑगस्टअखेर गेली. त्याच महिन्यात टांगलेल्यांपैकीही एक गेलं, पण ते खऱ्या सडीने. वीज दोन दिवस नव्हती, पंखा बंद, गाभ्यात पाणी साचलं. हात लावला तसा मधला कोंब अख्खा निघून आला, आंबूस वासाचा. दोन मरणांतला फरक तेव्हा शेजारी शेजारी पाहायला मिळाला. सड आतून ओली येते, तांबं बाहेरून कोरडं खातं. हे मला जुलैत माहीत असतं तर ती फवारणी झाली नसती.

सप्टेंबरमध्ये भाच्याने त्याच्या जुन्या आयोनान्थांची पिल्लं वापरून खातरजमाही केली. दोन संत्र्याच्या सालीवर, दोन बोरीवर, पाणी एकच. पाच आठवड्यांत संत्र्यावरच्या दोघांची टोकं करपली. दोन-दोन झाडांवरून शास्त्र होत नाही हे त्यालाही कळतं. आमच्यापुरतं झालं.

एक गोष्ट संग्राहकांनी कानात घालून ठेवावी. सजावटीला द्राक्षवेलीची पिळदार खोडं फार सुंदर दिसतात आणि कुणी ना कुणी ती सुचवतंच. बोर्डो मिश्रण जन्मलं ते द्राक्षासाठीच. फ्रान्समध्ये १८८५ साली मिलार्देने ते द्राक्षावरच्या केवडा नावाच्या रोगावर पुढे आणलं आणि नावही त्या द्राक्षांच्या मुलखाचंच पडलं. बागेतलं लाकूड मग ते संत्र्याचं असो की द्राक्षाचं, आधी लिंबाच्या वाटीतून काढावं. दुकानातलं, कीड लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूडही तसंच. त्यातही बरेचदा तांबं असतं.

आता बसवण्याचं. डॉक्टरबाईंना द्यायची सहा झाडं शेवटी सगळी बोरीवर गेली. चार आधीची आणि दोन टांगलेल्यांतली. बोरीची फांदी वाकडी असते, काट्यांच्या गाठी राहतात, त्यांत मुळांना धरायला जागा मिळते. भाचा आता झाड सरळ बसवत नाही, तिरपं बसवतो, म्हणजे पानांच्या बुडाशी पाणी थांबत नाही. खाली शेवाळ किंवा काथ्या भरत नाही. फोटोत ते छान दिसतं, पण ओल धरतं. बांधायला बोन्सायची तार घेतली तेव्हा मी ओरडलोच, कारण ती तांबूस दिसते. त्याने शांतपणे कापून टोक दाखवलं, आत पांढरी. ॲल्युमिनियमची तार, वर नुसता रंग. आता मीच प्रत्येक गोष्टीत तांबं पाहायला लागलो होतो.

आणि एक सौंदर्याची बाब, जी मला त्याच्याकडून शिकायला मिळाली. पाणी थोडं कमी ठेवलं की पानं जास्त वळतात, सुरळ्या घट्ट होतात. पाणी भरपूर असलं की पानं सैल आणि सरळ. संग्राहकाला सुरळी हवी असते. म्हणून तो सप्टेंबरच्या मध्यापासून सहा झाडांना जरा तहानलेलं ठेवत होता, आणि दर रविवारी एकाच जागेवरून फोटो काढून सुरळीचे वेढे ताडून पाहत होता. मी म्हटलं, हे आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी तोडून ताण देण्यासारखंच झालं. तो म्हणाला, "तुमच्याकडूनच शिकलो." एवढ्या सगळ्या प्रकारात माझ्या वाट्याला आलेलं हे एकच चांगलं वाक्य.

दिवाळीच्या आठ दिवस आधी झाडं नागपूरला गेली. दोन दिवस पाणी बंद करून कोरडी केली, रद्दीच्या चुरगळलेल्या कागदांत सैल बसवली, खोक्यांना भोकं पाडली. एसटीने गेलो, दोघं. कंडक्टरने भोकं पाहिली आणि विचारलं, "कोंबड्या हायेत का?" भाच्याने खोकं उघडून दाखवलं. कंडक्टर थोडा वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "मंग खिडकीपाशी ठेवा, हवा लागन."

डॉक्टरबाईंच्या चौकात जागा आधीच ठरलेली होती. पूर्वेची भिंत, सकाळचं ऊन, डोळ्यांच्या उंचीवर. सगळं उत्तम. खिळा ठोकायच्या आधी भाचा मान वर करून बघत बसला. वर एसीचा बाहेरचा डबा, त्याची नळी भिंतीवरून उतरलेली, वेष्टण फाटलेलं, आतलं तांबं हिरवट पडलेलं, आणि बरोबर त्या जागेवर थेंब थेंब पाणी. "मॅडम, इथं नाई, तिकडे," तो म्हणाला आणि चार हात सरकला. बाईंनी कारण विचारलं. त्याने सांगितलं, ओंडक्यांसकट सगळं. माझं नाव मात्र घेतलं नाही, "एका ओळखीच्यांनी लाकूड दिलं होतं" म्हणाला. मी भिंतीकडे बघत होतो.

पैशाचा हिशोब असा, की तांब्याने पाच झाडं गेली, म्हणजे सव्वासहा हजार. वाचलेली चार डागी, संग्राहक ती घेणार नाही. त्या पाचांचे पैसे मी देऊ केले, त्याने घेतले नाहीत. ताई म्हणाली, "घे, मामा हाये तुहा." तरी नाही. उरलेले ओंडके मी परत नेले. त्यांची राख परसात टाकायची नाही हे ताईला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मंग कुठं टाकू?" मी म्हटलं, संत्र्याच्या आळ्यात, तिथं तांब्याची सवय आहे. पण राख पोत्यात भरून ती अजून तशीच पडली आहे, कारण खरं सांगायचं तर आता तिथेही टाकवत नाही.

डागी चारांपैकी एकाने डिसेंबरात फुलाचा दांडा काढला. मधून आधी लालसर कोन आला, मग त्याला फांद्या फुटल्या, मग जांभळी नळीसारखी फुलं एकेक करून. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, आणि फुलल्यावर बुडाशी पिल्लं देऊन हळूहळू संपतं. करपलेल्या बाजूला पिल्लू येईल की चांगल्या बाजूला, यावर भाच्याने आणि बाबाजींनी चहाची पैज लावली आहे. दोन पिल्लं आली तर एक मामाचं, हे ताईने परस्पर ठरवून टाकलंय. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झाल्याशिवाय सोडवायचं नाही, म्हणजे माझ्याकडे अजून बराच वेळ आहे. नर्सरीत त्याच्यासाठी जागा शोधतो आहे. मांडव पाहिला, विहिरीची भिंत पाहिली, पन्हेरीच्या कडेची बाभूळ पाहिली. फवारणीचा पंप जिथे कधी फिरला नाही असा कोपरा अजून सापडलेला नाही.